रिमार्कचा रकाना

साडेआठला फाटक उघडतं. त्याआधी
आठ बुटक्या कमोडांवर पाणी मारून झालेलं असतं माझं,
गुडघ्याएवढ्या बेसिनांवर साबण ठेवून झालेले,
आणि वाळूच्या हौदात रात्री मांजर जे करून गेलं
ते उचलून टाकलेलं. हे कुणाला सांगायचं नसतं,
फी भरणाऱ्यांना तर नाहीच.

मग पाच बागांच्या वळणावरून गाड्या येतात.
एकेक मूल उतरतं, दप्तर त्याच्याहून मोठं.
दप्तरात काय, तर एक नॅपकिन आणि एक केळं.

मला नावं उशिरा पाठ होतात. रडणं आधी.
अनाहिताचं, आईची गाडी वळेपर्यंतच,
मग डोळे पुसून विचारते, आज खाऊ काय.
विहंगचं बिनआवाजाचं, खालचा ओठ तेवढा हलतो.
त्याला उचलायचं नसतं. नुसतं शेजारी उभं राहायचं
फडकं पिळत, जसं काही आपलं तिथं कामच आहे.

कैझाद रडायचाच नाही. बोलायचाही नाही.
जून गेला, गणपती गेले, दिवाळीची सुट्टी संपली.
लाल ठोकळा दाखवला, बघायचा.
निळा दाखवला, बघायचा.
पेरीन मिसच्या तक्त्यात रकाने असतात:
रंग ओळखतो, दहापर्यंत मोजतो, मुलांत मिसळतो.
त्याच्या ओळीत सगळीकडे पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह.
पेनानं लिहायला तिचा हात होईना.
आईवडील दोनदा येऊन गेले. घरी बोलतो, म्हणाले.
मग म्हणाले, फार नाही, पण बोलतो.
मग आई खिडकीबाहेर बघत बसली.
चहा मीच नेला होता. तसाच परत आणला.

तो बोलत नव्हता म्हणून मी बोलायचे.
बाथरूममध्ये तिसरं कोण असतं ऐकायला?
मोठ्या मॅडमांनी बजावलेलं, मुलांशी नीट भाषेत बोला.
पण चड्डीचं बटण लावताना मला नीट भाषा सुचत नाही,
कुडाळची सुचते.
रे बाबू, हात दी. पाणी थंड आसा रे.
खंय चल्लंस, आधी चड्डी तरी घाल!
तो माझ्या तोंडाकडे बघायचा,
नळाला पाणी येणार आहे म्हटल्यावर
आम्ही नळाकडे बघायचो तसा.

डिसेंबरात पुढच्या वर्षीचे पालक शाळा बघायला आले,
बूट काढून, कुजबुजत, देवळात आल्यासारखे.
मॅडमांनी ठोकळे दाखवले, झाडांच्या कुंड्या दाखवल्या,
एसी दाखवला, आणि दाराकडे वळल्या.
मागून कोवळा, खणखणीत आवाज आला:

खंय चल्लंस गो?

वर्ग गप्प. अनाहिताचं केळं तोंडाशीच थांबलं.
पाहुण्यातल्या एका वडिलांनी हळूच विचारलं,
तुम्ही फ्रेंचही शिकवता?
मॅडमांनी पेरीन मिसकडे पाहिलं,
पेरीन मिसनं माझ्याकडे,
मी पोछ्याकडे.

शाळा सुटल्यावर ती तक्ता घेऊन मोरीपाशी आली,
उलट्या बादलीवर बसली, साडीसकट.
बोल ना, एनो अर्थ शुं?
कुठं चाललीस, म्हटलं. एवढाच.
ती इतकी हसली की तिला ठसका लागला.
मग पेन काढून म्हणाली, सावकाश सांग, एकेक अक्षर.

मी सांगितलं. पण मधे थोडी थांबले.
हेच मला एकदा एकानं विचारलं होतं,
कुडाळच्या स्टँडवर, पदर धरून,
तोही साडेतीनचा, मुंबईची गाडी लागलेली.
मी बाजारात म्हटलं होतं.
आता तो गोव्यात हॉटेलात आहे, फोन करतो,
कधीच विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी बादली उचलून मी वर्गाबाहेर निघाले,
तर कैझादनं परत तेच विचारलं,
या खेपेला मला.
बादली खाली ठेवली.
खंय नाय रे, म्हटलं. हंयच आसंय.
त्यानं मान हलवली, आणि लाल ठोकळा
निळ्यावर ठेवला.